डाव्या हाताचा रविवार

"बसा वं, सुई अजून गरम हाय."

कोणी उठायला लागलं की चांगुणाबाई हमखास हे म्हणायची. उठणारी बाई पदर खोचून अर्धी उभी झालेली असायची, काखेत पिठाचा डबा असायचा, आणि चांगुणाबाई मान वर न करता, टाका घालता घालता म्हणायची, बसा वं. तिचं सांगणं असं, की सुई बराच वेळ बोटांत राहिली की अंगाची ऊब धरते आणि मग कापडातून सुळकन जाते. मध्येच कोणी उठलं, बोलणं तुटलं, हात थांबला, की सुई निवते आणि दोरा गुंततो. हे खरं की खोटं, कोणी पडताळून पाहिलं नाही. "मावशी, सुई आहे की तवा?" म्हणून बायका हसायच्या आणि जायच्याच. त्यांच्या घरी कणीक मळायची खोळंबलेली असायची. चांगुणाबाईच्या घरी खोळंबलेलं काही नव्हतं.

नाशिक रोडला, जेल रोडच्या आतल्या अंगाला, नोटा छापायच्या प्रेसमधल्या नोकरदारांनी बांधलेली एक कॉलनी आहे. छोटी छोटी घरं, घरापुढे जास्वंद, जास्वंदीला टेकवलेली स्कूटर. कॉलनीच्या टोकाला भिमाजीची पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या भिंतीला भिंत लावून चांगुणाबाईची खोली. नवरा मोतीराम प्रेसमध्येच होता. तो गेला एक्याण्णव साली. मूलबाळ झालं नाही. मोतीरामाच्या पेन्शनीत एका जिवाचं भागत होतं. म्हणजे पोटाची काळजी तिला नव्हती. काळजी होती ती दुपारची.

सकाळ कशीही जाते. पाणी भरा, झाडा, चूल पेटवा, धुणं वाळत घाला. संध्याकाळी रस्त्यावर माणसं येतात, दिवे लागतात, कोणाच्या घरातलं भांडण ऐकू येतं. रात्री माणूस झोपून जातं. पण जेवण झाल्यावर आणि चहाच्या आधी जी दुपार असते, ती एकट्या माणसाच्या छातीवर येऊन बसते. चांगुणाबाई त्या वेळी दार सताड उघडं टाकून उंबऱ्याशी बसायची आणि गिरणीचा पट्टा कधी फिरायला लागतो याची वाट बघायची. पट्टा फिरला की भिंत थरथरायची, फळीवरची भांडी किणकिणायची आणि मग बायका यायच्या. दळण होईपर्यंत त्या चांगुणाबाईच्या ओट्यावर टेकायच्या. गिरणीच्या आवाजावर ओरडून बोलावं लागे, त्यामुळे कोणाच्या सासूचं गुपित कॉलनीत राहिलं नाही.

फडक्यांचं काम तिनं याच ओट्यावर सुरू केलं. त्यात शिकण्यासारखं फार नव्हतं, असं ती स्वतःच सांगायची. बेकरीत मैदा ज्या कापडी पिशव्यांतून यायचा, त्या रिकाम्या पिशव्या ती आणायची. पिशवीच्या तोंडाच्या शिवणीला दोन टोकं असतात. चुकीचं टोक ओढलं तर गाठी बसतात. बरोबर टोक सापडलं की सगळा दोरा एका दमात सर्रर्र निघून हातात येतो. ते टोक चांगुणाबाईला न बघता सापडायचं. मग पिशवी उलगडून सोड्याच्या पाण्यात उकळायची, उन्हात टाकायची, पुन्हा उकळायची. तरी छापलेली निळी अक्षरं पुरती जात नसत. धुक्यातल्या माणसांसारखी कापडात उभी राहत. चांगुणाबाई त्या निळ्या सावल्यांवर बांगडी ठेवून पेन्सिलीनं गोल काढायची, नाहीतर वाटी ठेवायची, आणि त्यात काय काय भरायची. मिरची, भेंडीचा काप, कापलेल्या कांद्याच्या एकात एक चकत्या. कडेनं धावदोरा, कोपऱ्यात खुंटीला अडकवायला नाडी. झालं फडकं. हात पुसा, पोळ्या झाका, ताक घुसळताना रवीखाली ठेवा.

एकीनं मागितलं, दुसरीनं मागितलं, आणि मग ती फडकी रुखवतात शिरली. लग्नाच्या दिवशी मुलीकडचे लोक कार्यालयात टेबलं मांडून त्यावर मुलीच्या हातचं काम ठेवतात. वर पाटी असते, अमुक हिने स्वहस्ते केलेले. चांगुणाबाईनं अशा कितीतरी मुलींचं स्वहस्ते केलं. लग्नाला ती जायची, लांबून आपला कांदा ओळखायची, जेवून घरी यायची. त्यात तिला काही वाटायचं नाही. रीतच तशी आहे. रुखवत नवरीचंच असतं, केलेलं कोणीही असो.

मग दिवस बदलले. भिमाजी डब्यांवर खडूनं नावं घालायला लागला. "ठेवून जा ताई, संध्याकाळी पोरगा आणून देईल," म्हणायला लागला. दुपारी टीव्हीवर मालिका सुरू झाल्या. भिंत पूर्वीसारखीच थरथरायची, भांडी किणकिणायची, पण ओट्यावर नुसते डबेच ओळीनं बसलेले असायचे.

अशात दोन हजार एक सालच्या दसऱ्यानंतर मीना आली. मीना कॉलनीतलीच, चौथ्या घरातली, दत्तू प्रेसवाल्याची बायको. आल्या आल्या तिनं पेढा पुढे केला.

"मावशी, तेजूचं जमलं हो. सातपूरचा मुलगा आहे, ललित. कंपनीत आहे. मोटरसायकल आहे."

"बरं झालं. मोटरसायकल हाय म्हणजे पोरगी म्हायेराला येईल."

"वैशाखात लग्न. तुमची फडकी पाहिजेत हं रुखवतात. वारांची करा, सोमवार ते रविवार. वेगवेगळी."

चांगुणाबाईनं पेढा तोंडात टाकला, चावून संपवला.

"करून नाय द्यायची."

मीना चपापली. "का हो? आमचं काही चुकलं का?"

"पोरीला धाड. तिच्या हातानं करू दे. मी दाखवीन."

"तेजूच्या हातानं? अहो, तिनं शर्टाचं बटण कधी लावलं नाही. आणि डावरी आहे ती. जेवायला उजवा हात वापरायला शिकवता शिकवता माझे केस पिकले."

"डावरी तर डावरी. सुईला काय कळतंय कुठला हात ते."

मीनानं घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, की म्हातारी मोठी तत्त्वाची आहे. तत्त्व कसलं? मीना बोलत असताना चांगुणाबाईनं मनात दसऱ्यापासून वैशाखापर्यंतच्या दुपारी ओळीनं मांडल्या होत्या, आणि त्या सगळ्या दुपारी तिला हव्या होत्या.

मीनाची तेजू, म्हणजे तेजल, दुसऱ्याच दिवशी आली. बी.कॉम. झालेली, बडबडी, घड्याळ उजव्या मनगटावर. बसल्या बसल्या तिनं सुईत दोरा ओवायला घेतला तो चार वेळा चुकला.

"मावशी, तुम्ही माझ्या शेजारी बसा ना, म्हणजे मला दिसेल."

"शेजारी नाय. समोर बस."

"समोर कशाला?"

"आरशापुढं बसतीस तशी. माझा उजवा हात जिकडून जाईल, तिकडून तुझा डावा जाऊ दे."

तशा त्या बसल्या. गुडघ्याला गुडघा, चटईवर, समोरासमोर. शेजारी बसून शिकवलं असतं तर दोघींनी कापडाकडे बघितलं असतं. समोर बसल्यामुळे चांगुणाबाईला मान वर केली की तोंड दिसायचं. हसणारं, जीभ दातांत धरून टाका घालणारं, कंटाळून जांभई देणारं माणसाचं तोंड, एवढ्या जवळ. मोतीराम गेल्यापासून तिला ते दिसलं नव्हतं.

"मावशी, तुमच्या लग्नात होतं का हो रुखवत?"

"व्हतं की. एक पितळी तांब्या आन् कांद्याची माळ."

"कांद्याची?"

"चांदवडकडं दुसरं काय येतंय? माझ्या बापानं निवडून निवडून एकसारखे कांदे गुंफले व्हते, लाल भडक. मांडवात लय शोभा आली."

"मग?"

"मग काय? सासरच्यांनी दुसऱ्या दिवशी पिठलं केलं त्याचं."

तेजल इतकी हसली की सुई कुठे पडली ते सापडेना. दोघी चटई झटकत बसल्या. तिळगुळाच्या सुमारास कधीतरी तेजल तिला 'अहो मावशी' म्हणायची थांबली आणि 'ए मावशी' म्हणायला लागली. कधी थांबली, ते तेजलच्या लक्षातही आलं नाही. चांगुणाबाईच्या लक्षात आलं. त्या दिवशी तिनं चहात आलं जास्त घातलं.

पोरीचा हातही बसत चालला. सोमवारच्या फडक्यावर केळी झाली, मंगळवारच्या फडक्यावर कांदा, बुधवारच्यावर भेंडी. डाव्या हाताच्या टाक्याची एक गंमत असते. देठ काढायचा टाका दोरीसारखा दिसतो, आणि दोरीला पीळ असतो. उजव्या हाताचा पीळ एका अंगाला पडतो, डाव्याचा दुसऱ्या. चांगुणाबाईनं पहिल्यांदा तो उलटा पीळ बघितला तेव्हा तिला आरशात बघितल्यासारखंच वाटलं. टाके थोडे मोठे होते, थोडे ढिले होते, पण प्रामाणिक होते.

आणि इथेच तिचं चुकलं.

गुरुवारच्या फडक्यावर केळीचं पान होतं. तेजलनं ते चार-पाच दुपारींत संपवलं आणि पुढे केलं. चांगुणाबाईनं फडकं हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. पान चांगलं होतं. तिनं मनातल्या मनात राहिलेले वार मोजले आणि राहिलेले महिने मोजले. वार थोडे होते. वार संपले की दुपारी संपणार होत्या.

"उसव," ती म्हणाली.

"का? नीट तर आहे."

"देठ आवळलाय. कापडाला सुरकुती पडली बघ."

तेजलला सुरकुती दिसली नाही, पण तिनं उसवलं. पुन्हा केलं. पुन्हा चांगुणाबाईला काहीतरी दिसलं. एकदा हिरवा रंग उठून दिसत नव्हता, एकदा टाका पेन्सिलीच्या बाहेर गेला होता, एकदा तर ती नुसतंच म्हणाली, "मनाला येत नाय." रस्त्यात मीना भेटली की विचारायची, "कुठवर आलं हो मावशी?"

"गुरुवार चाललाय."

"मागच्या महिन्यातही गुरुवारच होता!"

"घाईचा गुरुवार टिकत नाय, मीनाताई."

मीना हसून पुढे जायची. चांगुणाबाई घरी येऊन स्वतःशी म्हणायची, उद्या पास करू. दुसऱ्या दिवशी पोरगी चपला काढून आत यायची, समोर बसायची, "ए मावशी, काल काय झालं माहीत आहे का, ललितचा फोन आला आणि उचलला बाबांनी," म्हणून सुरू व्हायची, आणि चांगुणाबाईच्या तोंडून पास काही निघायचं नाही.

कसाबसा शुक्रवार झाला. चणे आणि गूळ. शनिवारच्या फडक्यावर लिंबू-मिरची होती, आणि ती मिरची चांगुणाबाईनं इतक्या वेळा उसवायला लावली की चैत्र उजाडला. ऊन तापलं. तेजलकडे आता वेळ कमी होता. ब्लाउज शिवायला टाकायचे होते, मैत्रिणींना पत्रिका द्यायच्या होत्या. तरी ती येत होती.

एका दुपारी चांगुणाबाई पुन्हा म्हणाली, "उसव."

तेजलनं कात्री उचलली नाही. तिनं फडकं दोन्ही हातांनी ताणून दाराच्या उजेडापुढे धरलं. सुईच्या जुन्या भोकांतून ऊन आत आलं. मिरचीभोवतालचं कापड जाळीसारखं विरलं होतं.

"याच्यातून आता पीठ चाळता येईल," ती म्हणाली. हसली मात्र नाही. "काय चुकलंय ते बोट ठेवून दाखवा."

चांगुणाबाईनं फडकं मांडीवर घेतलं. बोट मिरचीवरून फिरवलं, लिंबावरून फिरवलं. कुठे ठेवायचं तिला कळेना. बोट फिरतच राहिलं. भिंतीपलीकडे भिमाजीची गिरणी बंद पडली होती, लाइट गेली होती, त्यामुळे बोलायचं टाळायला आवाजही नव्हता.

"काहीच चुकलेलं नाही," तेजल म्हणाली. "गुरुवारचंही चुकलं नव्हतं. तुम्ही मुद्दाम करताय."

'तुम्ही' ऐकून चांगुणाबाईनं मान वर केली.

"मी घरी आईची बोलणी खाते. ती म्हणते, तुला जमत नाही, मावशीला देऊन टाक. मी म्हणते, नाही, मावशी शिकवते आहे. रोज वाटतं की माझाच हात वाईट. रोज!" तिनं कात्री बाजूला सारली. "मला सांगायचं होतं ना, की बस. मी बसले असते. फडकं नसतं तरी बसले असते."

"सगळ्याच म्हणतात तसं," चांगुणाबाई म्हणाली.

हे ती का बोलली, तिचं तिला कळलं नाही. माफ कर म्हणायला तोंड उघडलं होतं आणि बाहेर हे पडलं. तेजलनं तिच्या मांडीवरून फडकं ओढून घेतलं, सुईत दोरा ओवला, एका झटक्यात ओवला, आणि राहिलेली मिरची पुरी केली. गाठ मारली. दोरा दातानं तोडला. फडकं घडी करून बाकीच्यांवर ठेवलं आणि चपला घालून निघून गेली.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही. त्यानंतरही आली नाही. रविवारचं फडकं पेटीवर पडून होतं, कोरं, नुसती पेन्सिलीची रेघ काढलेलं. त्यावर डेंगळा यायचा होता. बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याला उंच दांडा फुटतो आणि त्याच्या टोकाला बारीक पांढऱ्या फुलांचा गोंडा येतो, त्याला चांदवडकडे डेंगळा म्हणतात. तो चांगुणाबाईनं मुद्दाम शेवटाला ठेवला होता. दांड्याला पिळाचा टाका आणि गोंड्याला नुसत्या गाठी, दाट, एकीला एक चिकटून. त्याला सगळ्यात जास्त दुपारी लागल्या असत्या.

चांगुणाबाई दार उघडं ठेवून बसायची. चटई दोघींच्या बेतानं पसरलेली असायची. कॉलनीतून तेजलच्या हसण्याचा आवाज एक-दोनदा आला. लग्नघर होतं, पाहुणे यायला लागले होते. चौथं घर काही लांब नव्हतं. उठून जावं, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवावा, एवढंच होतं. पण मांडवाच्या घरी आपण होऊन जायला विधवा बाईला कारण लागतं, आणि जे एक कारण होतं ते तिनं स्वतःच विरवून टाकलं होतं.

लग्न जवळ आल्यावर मीना आली. घाईतच होती, उंबऱ्यातूनच बोलली.

"मावशी, झालेली देता का? इस्त्री करून ठेवते. एक राहिलंय म्हणाली तेजू. ते तुम्हीच करून टाका बाई. तुमच्या हाताला काय, दोन दिवसांचं काम. तिला आता अजिबात सवड नाही."

"ती काय म्हणाली का?"

"कशाबद्दल?"

चांगुणाबाईनं मीनाच्या तोंडाकडे नीट बघितलं. मीनाला काहीच माहीत नव्हतं. पोरगी घरी बोलली नव्हती.

"काय नाय. करते मी," ती म्हणाली.

मीना गेल्यावर तिनं सुई घेतली आणि दांड्याचे पहिले टाके घातले. सरळ, बारीक, नेहमीचे. मग थांबली. बाकीच्या फडक्यांशेजारी हे लावलं तर लहान पोरालाही कळेल, की हे दुसऱ्या हाताचं आहे. पीळ उलट्या अंगाला पडला होता. सातपूरच्या बायका काही आंधळ्या नसणार. एका फडक्यावर बोट ठेवून म्हणतील, हे विकतचं, म्हणजे बाकीचीही विकतचीच. पोरीनं रडून, उसवून, पुन्हा घालून जे केलं, तेही खोटं ठरेल.

तिनं ते टाके उसवले. सुई डाव्या हातात घेतली.

साठी गाठलेल्या हाताला नवं काही शिकवणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नव्या रस्त्यानं नेणं. हात जाईना. सुई टोचायची एकीकडे आणि निघायची दुसरीकडे. बोटाच्या टोकाला रक्त यायचं आणि ते कापडाला लागू नये म्हणून ती बोट तोंडात धरून बसायची. पहिला दांडा वाकडा गेला, दुसरा त्याहून वाकडा. मग तिनं डोळे मिटले आणि समोर पोरगी बसली आहे असं धरलं. ती सुई कशी धरायची? अंगठा पार पुढे काढून. दोरा कसा ओढायची? आधी सावकाश आणि शेवटी एकदम हिसका देऊन, म्हणून टाका मोठा पडायचा. जीभ कुठे असायची? दातांत. चांगुणाबाईनं जीभ दातांत धरली. आणि दांड्याला उलटा पीळ पडायला लागला.

इतके महिने ती त्या पोरीच्या टाक्यांत चुका शोधत होती. आता तेच टाके जसेच्या तसे काढायला तिला सगळ्या दुपारी कमी पडत होत्या. गोंड्याच्या गाठी घालताना तेजल दोरा सुईभोवती कधी दोनदा गुंडाळायची, कधी विसरून तीनदा, म्हणून काही गाठी फुगायच्या. चांगुणाबाईनं तशाच मध्ये मध्ये फुगीर गाठी घातल्या. त्या दिवसांत तिला एकटं वाटलं नाही. ओट्यावर कोणी नव्हतं, चटई अर्धी रिकामी होती, पण डाव्या हातात कोणीतरी होतं.

लग्न नाशिक रोडच्याच एका मंगल कार्यालयात होतं. चांगुणाबाई धुवट पांढरट लुगडं नेसून सकाळीच गेली. रुखवताची टेबलं दाराच्या उजव्या हाताला मांडली होती. सात फडकी दोरीवर लाकडी चिमट्यांनी लावली होती, सोमवार ते रविवार. ती खांबाशी उभी राहिली.

वराकडच्या बायका रुखवत बघायला आल्या. पुढे ललितची आत्या, चतुराबाई. अंगानं धिप्पाड, आवाज मोठा. साखरेच्या बाहुल्या तिनं बघितल्या न बघितल्यासारख्या केल्या, सात सुपाऱ्यांच्या सप्तपदीवर नाक मुरडलं, आणि फडक्यांपाशी येऊन थांबली. पहिलं फडकं तिनं चिमट्यातून काढलं आणि सरळ उलटं केलं. मागची बाजू बघणारी बाई होती ती.

"काय गं सूनबाई, डावखुरी आहेस का?"

टेबलामागे उभ्या असलेल्या मीनाचा चेहरा पडला. ही गोष्ट तिनं ठरवाठरवीत कोणाला सांगितली नव्हती. तेजल हळद उतरलेल्या पिवळ्या तोंडानं शेजारीच उभी होती. "हो," ती म्हणाली.

"मग ही तूच केलीस," चतुराबाईनं वळून आपल्या बायकांना सांगितलं. "बघा गं, पीळ बघा. नाहीतर रुखवतं हल्ली सगळी दुकानातली. हिनं खरंच बोटं झिजवलीत." एकेक फडकं उलटं करत ती पुढे गेली. शनिवारची विरलेली मिरची बघून म्हणाली, "इथं चांगलीच दमलेली दिसतेस." बायका हसल्या. मग रविवार. तो तिनं बराच वेळ बघितला. गोंड्यावरून अंगठा फिरवला. "हा तर अगदी कच्चा हात. पहिला केलास वाटतं?"

तेजलनं रविवार आता पहिल्यांदा नीट बघितला. कोरं फडकं ती टाकून गेली होती, आणि समोर तिचाच टाका होता, तिचाच हिसका, तिच्याच फुगलेल्या गाठी. तिनं ते फडकं हातात घेतलं. दांड्याशी कापडावर तपकिरी बारीक ठिपका होता, धुऊनही न गेलेला. तिनं डोळे वर केले आणि माणसांत शोधलं. खांबाशी चांगुणाबाई उभी होती. तिनं मान हलवली, अगदी थोडी, नको म्हणून.

"सांग ना गं," चतुराबाई म्हणाली. "कोणी केलं हे?"

"मीच केलं," तेजल म्हणाली. "सगळं मीच केलं."

हेच ऐकायला चांगुणाबाई आली होती. पोरीनं हेच म्हणावं म्हणून तिनं बोटं रक्ताळून घेतली होती. आणि तरी ते ऐकल्यावर तिला वाटलं, की आपण जे घेऊन आलो होतो ते सगळं इथल्या टेबलावर ठेवून झालं, आता हातात काही नाही. बायका पुढे सरकल्या. मीना आनंदानं लाल झाली होती. लांबूनच ती म्हणाली, "मावशी, जेवल्याशिवाय जायचं नाही हं!" आणि तेजलचा दंड धरून तिला जिन्यानं वर घेऊन गेली. मुहूर्त जवळ आला होता. वर जाताना तेजलनं मागे बघितलं, पण मध्ये अक्षता वाटणारी पोरं आली.

चांगुणाबाई थोडा वेळ खांबाशी थांबली. तिच्या हातात कोणीतरी अक्षता दिल्या, त्या तिनं रविवारच्या फडक्याखाली टेबलावर हळूच ठेवल्या. चपलांच्या ढिगातून आपल्या चपला शोधल्या. सनई लागली होती, सगळे आत चालले होते. ती एकटी बाहेर चालली होती.

फाटकाबाहेर ऊन मी म्हणत होतं. तिनं पदर डोक्यावर ओढला, उसाच्या रसाच्या गाडीच्या सावलीत क्षणभर टेकली आणि पुन्हा चालायला लागली. डावा हात तिनं पदरात धरला होता.

तिला जाताना तेजलनं पाहिलं. वरच्या मजल्यावर नवरीच्या खोलीत खिडकी रस्त्याच्या अंगाला होती आणि मीना तिच्या कपाळाला मुंडावळ्या बांधत होती. "मान हलवू नकोस गं, गाठ सुटेल," मीना म्हणाली. तेजलनं मान हलवली नाही, नुसते डोळे वळवले. रस्ता जवळ होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण बोहल्यावर चढायच्या घडीला नवरीनं खिडकीतून हाक मारायची नसते, आणि काय म्हणून मारायची हेही तिला सुचेना. म्हातारी रिक्षा स्टँडाजवळ पोचली, एका उभ्या बसच्या आड गेली, पलीकडून पुन्हा दिसली, लहान झालेली, आणि जेल रोडकडे वळली. वळणापर्यंत तेजल पाहत राहिली.